बेळगावात आपण जे मागतो, तेच पुण्यात मिस्त्रीने मागितलं तर?

टिळकवाडीचा
मंडळी, धागा लांब होणारे, आधीच सांगतो, चहा घेऊन बसा.

मी बेळगावचा. पुण्यात येऊन एकोणीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधे टाइल्सचं काम करणारा मिस्त्री दुपारच्या सुट्टीत वर आला. हात सिमेंटचे, म्हणून कागद दोन बोटांच्या टोकात धरलेला. माणूस कलबुर्गीकडचा, त्याला वॉचमनने सांगितलेलं की तिसऱ्या मजल्यावरच्या सरांना कन्नड येतं. मला म्हणाला, "इद्राग एन बर्दार्री सर?" म्हणजे यात काय लिहिलंय.

मुलीच्या शाळेची नोटीस होती. पालकसभा आहे, येताना आधारची आणि पासबुकची छायांकित प्रत सादर करावी वगैरे. तारीख दोन दिवसांपूर्वीच उलटून गेलेली. पोरगी तिसरीत आहे, तिला मराठी वाचता येतं, तिने घरी वाचूनही दाखवलं होतं म्हणे, पण "छायांकित प्रत सादर करावी" हे तिसरीतल्या पोरीला काय कळणार? खरं सांगायचं तर मलाही झेरॉक्स म्हटल्याशिवाय कळत नाही.

आणि मला आमचे बाबा आठवले. आमच्याकडे घरपट्टीची नोटीस कन्नडमधे यायची. बाबा ती घडी करून शर्टाच्या खिशात टाकायचे आणि मागच्या गल्लीत एक लिंगायत मास्तर राहायचे त्यांच्याकडे जायचे. मास्तर वाचून सांगायचे, चहा व्हायचा, आणि घरी परतल्यावर उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सरकारला शिव्या. मी मराठी शाळेत, पण कन्नड विषय सक्तीचा, त्यामुळे आठवीत गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. म्हणजे मी कन्नड शिकलो ते बाबांच्या नोटिसा वाचायला, आणि आता त्याच कन्नडवर मराठी नोटीस वाचून दाखवली.

आमच्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर "पंधरा टक्के" पाठ असायचं. ज्या जिल्ह्यात, तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५-२० टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात आहे. बेळगावात मराठी माणूस यासाठी मोर्चे काढत आला, आणि बरोबरच करत आला. पण मग पुण्यात मिस्त्री जिना चढून वर येतो तेव्हा मी "मराठी शिक की रे" म्हणायचं का? माझ्या तोंडावर ते आलं होतं. म्हणालो नाही, पण आलं होतं.

तुमचं काय मत?

गडहिंग्लजकर
दादा, भावना पोचल्या पण तुलना चुकीची आहे. बेळगावचा मराठी माणूस कुठे गेला नाही, हद्द त्याच्या अंगावरून गेली. १ नोव्हेंबर १९५६ च्या आदल्या दिवशी तो मुंबई राज्यात झोपला आणि दुसऱ्या राज्यात उठला. माझी आत्या निपाणीला दिलेली, लग्नात कुणी राज्य बदललं नव्हतं. तुमचा मिस्त्री स्वतःच्या पायांनी पोटासाठी आलाय. जो येतो त्याने शिकावं, जो होता त्याला त्याची भाषा मिळावी. एवढं साधं आहे.

फोडणीचा_भात
+१ गडहिंग्लजकर. उद्या सोसायटीची एजीएम कन्नडमधे, परवा भोजपुरीत, आणि मग आपण मराठी भाषा दिनाला एकमेकांना फॉरवर्ड पाठवायचे फक्त.

वकिलीण
गडहिंग्लजकर, फरक आहे हे मान्य, पण घटना तसा फरक करत नाही आणि ते मुद्दाम आहे. कलम २९ मधे अल्पसंख्याक हा शब्दच नाही (शीर्षकात आहे, ते सोडा). "नागरिकांचा कोणताही गट", ज्याला स्वतःची भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे, त्याला ती जपायचा हक्क आहे. आधीच्या मसुद्यात "अल्पसंख्याक" होतं, ते बदललं. का बदललं ते ८ डिसेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितलं आणि उदाहरण कुठलं दिलं बघा: मद्रासकडची माणसं मुंबईत येऊन राहिली तर तांत्रिक अर्थाने नाही पण सांस्कृतिक अल्पसंख्याक होतील, तसंच महाराष्ट्रातली माणसं बंगालमधे जाऊन राहिली तर तीही. म्हणजे उदाहरणच पोटासाठी गेलेल्या माणसाचं आहे, आणि त्यातला एक आपलाच.

शाळांचं म्हणाल तर कलम ३५०अ: प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळेल अशा सोयी करायचा राज्याने आणि स्थानिक संस्थांनी प्रयत्न करावा. ३५०ब मधे त्यासाठी वेगळा अधिकारी. दोन्ही १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आली, भाषावार राज्यं होणार तेव्हा हद्दीच्या चुकीच्या बाजूला कोण ना कोण राहणारच हे माहीत होतं म्हणून. बेळगावकरांचे वकील हीच कलमं वापरतात. मिस्त्रीकडे वकील नाही एवढाच फरक.

टिळकवाडीचा
गडहिंग्लजकर, अर्धं मान्य. महाराष्ट्रात यायची मागणी वेगळी, ती मिस्त्री करत नाही, करूही शकत नाही. ती केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथे राहू दे. मी बोलतोय नोटिशीबद्दल. आणि "होता तो, आला तो" म्हणाल तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे आजोबा चंदगडकडून नाहीतर खाली कोकणातून पोटासाठीच आले होते बेळगावात. मोर्चात कुणी त्यांना "तू मूळचा की आलेला" विचारलं नाही.

फोडणीचा भात, एजीएममधे तशीही कोण कुणाचं ऐकतं? कुठल्याही भाषेत घ्या.

रोखठोक
वकिलीणबाई, कलमं सगळी ठीक. पण मराठीचं काय? इथे मराठी शाळा पटापट बंद पडतायत, बँकेत मराठी बोललं की समोरचा वर बघत नाही, आणि आपण बाहेरून आलेल्यांच्या भाषा जपायला निघालो. आधी घरातलं बघा. आलात ना महाराष्ट्रात, मराठी शिका, मग बघू.

वकिलीण
शिकायला हवीच, आणि तशी सक्तीही आहे. महाराष्ट्रातल्या गुजराती भाषिकांच्या शाळांनी मराठी सक्तीच्या विरोधात केस केली होती, उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००४. सुप्रीम कोर्टाने राज्याच्या बाजूने निकाल दिला, की या राज्यात राहायचं तर राज्याची भाषा शिका म्हणणं हा अल्पसंख्याकांच्या हक्कावर घाला नाही. २०२० पासून तर सगळ्या बोर्डांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांना मराठी सक्तीचं करणारा कायदाच आहे. म्हणजे मराठी शिकवायला त्यांची भाषा मारावी लागत नाही. "आधी हे मग ते" असं नाहीये ते, दोन्ही एकाच वेळी चालतं.

रोखठोक
कागदावर चालतं हो.

शाळामास्तर
कागदाबाहेरचं मी सांगतो, बावीस वर्षं महापालिकेच्या शाळेत आहे, मुंबईत. (कुठली ते विचारू नका, नोकरी करायचीय अजून.) मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, कन्नड, तमिळ, तेलुगू. एका शहराची पालिका आठ भाषांत पोरांना शिकवते, आणि आपल्यालाच त्याचं कौतुक नाही. बालभारती कन्नड, तेलुगूत पुस्तकं छापते. पण तमिळ-तेलुगू-कन्नडच्या वर्गात आता मोजकीच पोरं उरलीत. पालकांना इंग्रजी हवंय. धारावीतला तमिळ बाप आणि लालबागचा मराठी बाप, दोघंही एकाच रांगेत उभे, इंग्रजीच्या. त्यामुळे रोखठोकसाहेब, मराठी शाळा कानडी मिस्त्रीने बंद पाडलेली नाही, आपल्याच जिन्यातली पोरं पिवळ्या बसमधून जातात.

दुसरं म्हणजे नाक्यावरच्या आणि साइटवरच्या मजुरांची पोरं. ती कुठल्याच माध्यमात बसत नाहीत. जूनला इथे, दिवाळीत गावी, जानेवारीत दुसऱ्या साइटवर. नियम आहे, शाळेत एका भाषेची ४० किंवा वर्गात १० मुलं असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. १९४९ मधे प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेला. पण ही पोरं कधी एका जागी दहा भरत नाहीत, दोन इथे, तीन तिथे.

एक किस्सा सांगतो. माझ्या वर्गात यादगीरकडची एक मुलगी होती. तोंडी गणितात हुशार, कागदावर शून्य. मी "पंचवीस" म्हणालो की ती ५२ लिहायची. "त्रेचाळीस" म्हटलं की ३४. महिनाभर मला वाटलं पोरगी लक्ष देत नाही. मग एक दिवस बेरीज करताना तिचे ओठ हलताना दिसले, "इप्पत्तैदु" म्हणत होती. मी कानडी मजुराला विचारलं तर इप्पत्त म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. तिच्या भाषेत वीस आधी, पाच नंतर. मराठीत पंच आधी, वीस नंतर. ती ऐकलेल्या क्रमाने लिहीत होती, तिच्या हिशोबाने बरोबर! आठवतंय ना, २०१९ मधे दुसरीच्या गणितात "वीस पाच" छापलं म्हणून केवढा दंगा झाला, गणितज्ञ मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या आणि आपण जोक फॉरवर्ड करत होतो. मीही केले. त्या पोरीला त्यानंतर मी एकच गोष्ट सांगितली, मराठीत उलटं ऐकायचं. पंधरा दिवसांत गाडी रुळावर. त्याला ना कायदा लागला ना बजेट, फक्त ती घरी काय बोलते हे मला माहीत असायला हवं होतं.

फोडणीचा_भात
मास्तर, हे भारी आहे. बाकी धाग्याशी असहमत, पण हे भारी आहे.

अण्णा_सोलापुरी
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही पद्मशाली, सोलापूरला पूर्व भागात. पणजोबा तेलंगणातून हातमागावर आले. आमचं घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, अक्कलकोट रोडला गेलं की कानडी, अन् भांडण झालं तर तिन्ही मिक्स. कुणी आम्हाला इथं "मराठी बोल" म्हणून अडवलं नाही, मागायच्या आधीच आमचं सोलापूर झालं. चादर आमच्या लोकांनी विणली, तिला सोलापूरची म्हणून जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, छान वाटतं.

पण एक सांगतो. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. वडिलांना यायचं, शाळा तेलुगू होती. त्यांनी मला मराठीत घातलं, हिशोबी माणूस. आता त्यांच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं आहेत, मला अक्षरं दिसतात, गोल गोल, वाचता काही येत नाही. बायको म्हणते फोटो काढून कुणाला तरी पाठवा. कुणाला पाठवू? घरातलं काय काय लिहिलेलं असेल त्यात. सरकारनं आमचं काय हिसकावलं नाही हो, आम्हीच सोडलं. पण तेलुगू शाळेत घातलं असतं तर नोकरी लागली नसती असं त्यांना वाटलं, ते का वाटलं, याला पण काय तर कारण असंल की.

गडहिंग्लजकर
अण्णा, वाचून गप्प झालो दोन मिनिटं.

झाडीपट्टी
सगळे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर बोलतायत म्हणून अवांतर वाटेल, पण गडचिरोलीत या. इथे तर कुणीच कुठून आलं नाही. गोंडी, माडिया बोलणारी पोरं पहिलीत जातात आणि मास्तर बोलतो ते त्यांना परकं. राज्य त्यांचं, जंगल त्यांचं, शाळेतली भाषा तेवढी दुसऱ्याची. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मधे स्वतः गोंडी शाळा काढली, वर्गणी काढून, गोटूलच्या (गोंडांचं पोरांना शिकवायचं पारंपरिक ठिकाण) धर्तीवर. पुढे तिला मान्यता नाही म्हणून नोटीस आली. का, तर शिक्षण हक्क कायद्यात विनामान्यता शाळा चालत नाही. मुलांच्या हक्काचा कायदा आणि त्यानेच मुलांची शाळा बेकायदा, असला प्रकार.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख आहेत आणि गोंडी घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही. त्यामुळे "जो होता त्याला त्याची भाषा मिळावी" हे गडहिंग्लजकरांचं तत्त्व मला मान्य आहे, फक्त इथून सुरू करूया का?

गडहिंग्लजकर
करूया. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रोखठोक
गोंडीला माझा पूर्ण पाठिंबा, ती इथलीच. मिस्त्रीला नाही. मत बदललेलं नाही.

म्युनिकचा_बाळ्या
रोखठोक, मी जर्मनीत आहे, इथे मी मिस्त्री आहे. ऑफिसातून येणारं प्रत्येक पत्र भाषांतराच्या अॅपखाली धरतो, तरी दोनदा मुदत चुकली आणि दंड भरला. दर शनिवारी इथल्या पोरांचा मराठी वर्ग भरतो, हॉल मिळावा म्हणून आपण केवढे अर्ज करतो, आणि मिळाला नाही की लगेच "संस्कृती जपायचा हक्क" आठवतो. मला तरी आठवला होता. तेव्हा शोधलं होतं म्हणून माहितीय: नागरी आणि राजकीय हक्कांचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं कलम २७ अल्पसंख्य गटांतल्या माणसांबद्दल आहे. तिथे "नागरिक" नाही, "व्यक्ती" आहे. १९९४ मधे त्या कराराच्या समितीने स्पष्टच केलं की स्थलांतरित कामगार, अगदी तात्पुरता आलेलासुद्धा त्यात येतो. भारत १९७९ पासून त्या करारात आहे. म्हणजे माझ्या शनिवारच्या वर्गाला जो आधार, तोच तुमच्या साइटवरच्या नेपाळी वॉचमनला.

आणि हो, जर्मन मी शिकलोच, बी-१ पर्यंत. कुणी शनिवारचा वर्ग बंद करा म्हणालं नाही त्यासाठी.

रोखठोक
तुम्ही टॅक्स भरता.

म्युनिकचा_बाळ्या
मिस्त्री बिडी फुकट ओढतो काय?

नुसतं_वाचते
एरवी लिहीत नाही, पण बाळ्याच्या निमित्ताने. आमच्या शेजारी ठाण्यात बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, आजी होत्या. अलिबागकडच्या, शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून हे नाव). घरात अस्सल कोकणातली मराठी. त्यांची बहीण इस्राएलला गेलेली. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने यांच्या लग्नांसाठी वंशाचे पुरावे मागायला सुरुवात केली, तुम्ही पुरते ज्यू आहात का म्हणून. आपलं घर म्हणून गेले आणि तिथे दारात अडवलं. १९६४ मधे जेरुसलेममधे धरणं धरलं तेव्हा कुठे संसदेने ठराव केला. आजी सांगायच्या, इथे आम्हाला दोन हजार वर्षं कुणी काही विचारलं नाही. एवढं सांगून त्या नेहमी म्हणायच्या, "चल, मलिद्याचे पोहे खाऊन जा."

अजून तिकडे मराठी टिकून आहे, ते लोक मराठीत मासिक काढत आलेत, मायबोली नावाचं. एवढंच सांगायचं होतं.

फोडणीचा_भात
मी सकाळी टोमणा मारून गेलो होतो, आता एवढं वाचावं लागतंय. बरं, २०२५ चं आठवलं एक. पहिलीपासून हिंदी आणायचा जीआर निघाला तेव्हा मीच ओरडत होतो की सहा वर्षांच्या पोरावर घरी न बोलली जाणारी भाषा लादू नका. जूनअखेर मागे घेतला. आता मिस्त्रीच्या पोरीला हेच लागू होतं का? होतं बहुतेक. पण मग शाळेने करायचं काय, प्रत्येक भाषेचा मास्तर आणणार कुठून?

शाळामास्तर
मास्तर नका आणू, नोटीस तरी सोपी लिहा. "सादर करावी" ऐवजी "घेऊन या". निम्म्या मराठी पालकांचंही भलं होईल.

टिळकवाडीचा
अपडेट. वाद घालण्यापेक्षा म्हटलं काहीतरी करून बघू. मिस्त्रीला घेऊन शाळेत गेलो, बाई चांगल्या होत्या, तारीख गेली तरी कागद घेतले. म्हणाल्या, अशी सात-आठ पोरं आहेत कर्नाटकातली, पालक येतच नाहीत. का येत नाहीत ते आता मला माहीत होतं.

मग मी मोठा शहाणा. घरी येऊन पुढची नोटीस कन्नडमधे लिहून काढली, झकास अक्षरात, आठवीनंतर पहिल्यांदा एवढं कन्नड लिहिलं, जोडाक्षरं आठवायला अर्धा तास गेला. बाबांच्या त्या सगळ्या घरपट्ट्यांचं सार्थक झालं म्हटलं. खाली साइटवर नेऊन मिस्त्रीच्या हातात दिली. त्याने कागद उलटा-सुलटा करून बघितला, हसला, आणि म्हणाला, "ओदाक बरंगिल्री सर." वाचता येत नाही. कुठलंच.

काय बोलणार? आपण इथे लिपी, कलम, टक्के. तोच म्हणाला, सर, मोबाइलमधे बोला की. मग त्याच्या फोनवर कन्नडमधे व्हॉइस मेसेज केला, अमुक तारखेला सभा, हे दोन कागद आणा, मजुरी बुडू नये म्हणून सकाळी आठला या चालेल असं बाई म्हणाल्यात. तो मेसेज त्याने त्यांच्या गावच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी दारात दोन बायका, हातात रेशनचा कागद. काल आणखी एक जण आला, तो नारायणपेटचा. त्याच्याशी कन्नडमधे सुरुवात केली तर मान हलवतो, "तेलुगू, तेलुगू." त्याच्या हातात दवाखान्याचा कागद आहे, घाईचं दिसतंय.

अण्णा, आहात का इथे? वाचायचं नाहीये, फक्त बोलायचंय.

अण्णा_सोलापुरी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर दिलाय त्यात. आमचं तेलुगू सोलापुरी आहे, निम्मं मराठी येतंय त्यात, त्याला आधी सांगून ठेवा. रात्री नऊनंतर कधीही लावा, लूम बंद असतात.